दोनशे कप्प्यांचा नाणे-अल्बम : पाच पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

नाण्यांचा अल्बम कसा आहे हे तो विकत घेतल्या दिवशी सांगता येत नाही. त्या दिवशी कव्हरचे रेक्झिन चकाकत असते, पाने काचेसारखी स्वच्छ असतात आणि वर्षानुवर्षे डब्यात पडलेली आपली नाणी ओळीने मांडलेली पाहून माणूस हरखून जातो. मी घेतलेल्या अल्बमने आता आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरात पाच पावसाळे काढले आहेत, आणि त्यातल्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर माझे त्याच्याविषयीचे मत पार बदलले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीचे अल्बम निरनिराळ्या नावांनी प्रदर्शनांत, स्टेशनरीच्या दुकानांत आणि ऑनलाइन विकले जातात, आणि माझी तक्रार नावाशी नसून ज्या प्लॅस्टिकची पाने केली आहेत त्या प्लॅस्टिकशी आहे.

पुण्यातील एका नाणे-प्रदर्शनात साडेसहाशे रुपयांना घेतलेल्या या अल्बमला चॉकलेटी रेक्झिनचे जाड कव्हर, आत उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या आणि दहा मऊ पारदर्शक पाने आहेत. प्रत्येक पानावर वीस कप्पे, म्हणजे एकूण दोनशे नाण्यांची सोय. नाणे वरून आत सरकवायचे आणि कप्प्याची जीभ दुमडून आत खोचायची. पहिल्या चार पानांत छापील पुठ्ठ्याचे पत्रक घातलेले असून कोणत्या कप्प्यात कोणत्या सालाचे नाणे ठेवायचे ते त्यावर लिहिले आहे. उरलेली सहा पाने कोरी आहेत.

माझा संग्रह मोठा नाही. आजीच्या देव्हाऱ्यात हळदकुंकवाने माखलेल्या सात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, होत्या. पुढे मी त्यांत तीसेक शिवरायांची भर घातली. त्याशिवाय तिच्या ट्रंकेत सापडलेले राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले) रुपये, त्यांतल्या दोघांना माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचे डाग आहेत; तांब्याचे पाव आणे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भोकाचे पैसे आणि एक पोर्तुगीज गोव्याचा १८८२ चा चांदीचा रुपया. एवढा सगळा ऐवज या अल्बममध्ये गेला.

प्रथम अल्बमचा जो गुण आहे तो मोकळेपणाने सांगतो, कारण तो लहान नाही. शिवराईचा अभ्यास करायचा तर नाणी शेजारी शेजारी दिसावी लागतात. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात हे सर्वांना ठाऊक असते; परंतु ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे आणि हातोड्याचा घाव नेहमी मधोमध बसत नसल्यामुळे एका नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उतरतो. एखाद्यावर 'श्री' आणि 'राजा' यांची डोकी कापलेली असतात, एखाद्यावर नुसते 'शिव' आणि कडेच्या ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा येतो. आजीच्या सात शिवराया डब्यात एकावर एक पडलेल्या असताना त्या सगळ्या सारख्याच वाटत. अल्बमच्या एका पानावर वीस शिवराया मांडल्या तेव्हा 'शिव', 'सिव' आणि 'सीव' असे निरनिराळे लेखन मला पहिल्यांदा दिसले, आणि ज्यांवर ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या आहेत त्या दुदांडी शिवराया आपोआप वेगळ्या झाल्या. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे नाणे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या टाकसाळींत त्याच मजकुराने पडत राहिले, म्हणून 'शिव' वाचले की ते नाणे महाराजांच्याच हयातीतले, असे समजण्याची जी घाई बहुतेकांकडून होते ती या एका पानाने माझ्यापुरती थांबवली. पान उलटले की दुसरी बाजूही तितकीच स्वच्छ दिसते आणि नाणे हाताळावे लागत नाही. कागदी पाकिटात हे सुख मिळत नाही.

एक बारीक दोष मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवला. कप्पे कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातल्या यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या, रुपयाच्या मापाचे आहेत. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटर असतो आणि तो कप्प्यात नीट बसतो. शिवराई त्याहून बरीच लहान, पण जाड आणि जड. माझ्याकडच्या बहुतेक नऊ ते अकरा ग्रॅम भरतात. पान उभे धरले की त्या कप्प्याच्या तळाशी घरंगळतात, पानाचे पोट फुगते आणि समोरच्या पानावरील नाण्यांवर त्यांचा भार पडतो. पूर्ण भरलेला अल्बम आडवा ठेवला तर खालच्या पानांवर दोन-तीन किलोचे ओझे असते, उभा ठेवला तर कड्यांपाशी पाने फाटतात. मी अखेर तो अर्धाच भरून ठेवू लागलो, म्हणजे दोनशे कप्प्यांचे पैसे देऊन शंभरच वापरले.

छापील पत्रकांविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नवा संग्राहक त्यांनाच पाठ्यपुस्तक समजतो. पहिल्याच पानावर 'ईस्ट इंडिया कंपनी' या मथळ्याखाली १६१६, १७१७ आणि १८१८ या सालांचे कप्पे असून त्यांच्याखाली 'रामदरबार' आणि 'हनुमान' असे छापले आहे. कंपनी सरकारने अशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. इंग्रजी अक्षरांत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आना' आणि मागे देवदेवता असलेले हे तांब्या-पितळेचे तुकडे नंतरच्या काळात यात्रा-जत्रांतून विकण्यासाठी केलेले आहेत. ती चलनी नाणी नव्हेत आणि लाखो रुपयांची तर मुळीच नव्हेत. याच तुकड्यांच्या जिवावर 'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या' असे संदेश मोबाइलवर फिरतात आणि आगाऊ 'शुल्क' भरणारा फसतो. अशा व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केले होते. नाणी साठवण्याची वस्तू विकणाऱ्या कंपनीने याच थोतांडासाठी पहिल्या पानावर जागा राखून ठेवावी, ही बाब मला प्लॅस्टिकइतकीच आक्षेपार्ह वाटते.

दुसऱ्या पानावर राणीछाप रुपयांसाठी १८६२ पासून १८७६ पर्यंत प्रत्येक सालाला एकेक कप्पा दिला आहे. हे दिसायला शिस्तशीर आहे, परंतु रुपयावर १८६२ हेच साल पुढे दहा-बारा वर्षे गोठवलेले होते आणि त्यानंतर थेट १८७४ हे साल येते, हे पत्रक तयार करणाऱ्याला माहीत नसावे. मधले कप्पे त्यामुळे कायम रिकामे राहतात. जो खरा अभ्यासाचा भाग आहे, म्हणजे मुंबई टाकसाळीच्या १८६२ च्या रुपयांवर ठिपक्यांची संख्या कशी बदलत गेली आणि तीवरून तो रुपया नेमका कोणत्या वर्षी पडला हे कसे ठरवतात, त्यासाठी पत्रकावर एकही जागा नाही. १८७७ पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले, त्याचा उल्लेख आहे, तेवढे बरे. शिवराईला किंवा गोव्याच्या रुपयाला या चार पानांत कोठेही स्थान नाही, हे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या अल्बमविषयी लिहिताना नोंदवायला हवे. माझा गोव्याचा रुपया तर घडणीने आणि वजनाने ब्रिटिश रुपयाचा सख्खा भाऊ आहे, कारण तो ब्रिटिशांशी झालेल्या करारानंतर कलकत्त्याच्या टाकसाळीतच पडला होता.

रिकामा कप्पा माणसाला काय करायला लावतो याचा अनुभव मी चौथ्या पानावर घेतला. तेथे सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाचा कप्पा आहे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९३९ चा रुपया हा जुन्या कसाचा शेवटचा रुपया, आणि तो दुर्मीळ आहे. तो कप्पा वर्षभर माझ्याकडे पाहत होता. शेवटी एका फिरत्या विक्रेत्याकडून मी तो 'ओळखीच्या भावात' घेतला. घरी आणून संगमरवरी ओट्यावर टाकला तर खणखणण्याऐवजी बद्द वाजला. वजन ११.६४ ग्रॅम भरले, म्हणजे ११.६६ च्या प्रमाण वजनाच्या अगदी जवळ, त्यामुळे क्षणभर धीर आला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडला. खऱ्या कलदार रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. याने १.३१ दाखवले. वजनाला या आकड्याने भागले तर घनता ८.९ येते, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेल्या नाण्याची ती १०.३ च्या आसपास असायला हवी. चांदीचा पत्ताच नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी आहे, अल्बमची नाही. पण कप्प्याखाली साल छापणाऱ्याने त्याच ओळीत प्रमाण वजन आणि व्यास छापला असता तर त्याला शाईचा खर्च फारसा वाढला नसता.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास, मी कपाट उघडले तेव्हा अल्बमला नव्या रेनकोटसारखा वास येत होता. पाने एकमेकांना चिकटली होती आणि सोडवताना चर्र असा आवाज झाला. माझ्याकडे १८६२ चा एक पाव आणा आहे, राणीच्या केसांच्या बटा मोजता येतील इतका चांगला. भिंगाखाली पाहिले तर त्या बटांच्या खाचांत मोहरीच्या दाण्याहून बारीक असे हिरवे, ओलसर थेंब बसलेले होते. नाणे बाहेर काढल्यावर कप्प्याच्या आतल्या बाजूला राणीच्या चेहऱ्याचा उलटा, हिरवट ठसा राहिला होता. तांब्याच्या आणि कांस्याच्या साठ नाण्यांपैकी एकेचाळीस नाण्यांवर कमी-अधिक प्रमाणात हेच झाले होते. चांदीचे रुपये तुलनेने वाचले, तरी त्यांच्यावरही बोटाला लागणारा तेलकट पातळ थर होता. त्यांच्यातही बारावा हिस्सा तांबे असतेच.

याचे कारण कोकणची हवा नसून पानांचे प्लॅस्टिक आहे. ही पाने पीव्हीसीची आहेत. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला मऊ आणि लवचीक करण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात. काही वर्षांनी ती द्रव्ये पाझरून पृष्ठभागावर येतात, आणि पीव्हीसीमधला क्लोरीन आम्लाच्या रूपाने थोडाथोडा सुटू लागतो. ते आम्ल तांब्याला खाते आणि हिरवा क्षार तयार होतो. उष्णता आणि दमट हवा ही क्रिया लवकर घडवून आणतात, एवढाच पावसाळ्याचा वाटा. विक्रेत्याला मी छायाचित्रांसह लिहिले, तेव्हा 'तुमच्याकडील हवामानामुळे असे होते' असे एका ओळीचे उत्तर आले. ते मला मान्य नाही, कारण त्याच कपाटात, त्याच खणात, साध्या कागदी पाकिटांत ठेवलेली माझी तीस दुबार नाणी जशीच्या तशी होती.

नुकसान किती भरून आले हेही सांगतो. रसायनांच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणले. नखांचा रंग काढण्याच्या बाटलीत तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, ते चालत नाही. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, एकेक नाणे अर्धा तास बुडवून ठेवले, पुन्हा स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये खळबळले आणि न पुसता वाळू दिले. चिकटा पूर्ण निघाला. बहुतेक नाण्यांवरचा हिरवा थरही गेला आणि तांब्याचा मूळचा काळपट तपकिरी रंग शाबूत राहिला. मात्र जेथे आम्लाने धातू खाल्ला होता तेथे सुईच्या टोकाएवढे खड्डे उरले, ते कशानेही भरत नाहीत. शेजारच्या काकूंनी चिंच-मीठ सुचवले होते. देवाच्या तांब्यासाठी तो उपाय उत्तम, पण नाण्यावर तो केला तर दीडशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत उतरतो आणि खाली जे गुलाबी तांबे दिसते त्याला कोणी जाणकार हात लावत नाही.

त्यानंतरचे दोन पावसाळे मी हेच कव्हर वेगळ्या पानांसह वापरले. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकची पाने वेगळी मागवली. ती किंचित कडक आणि थोडी धुरकट दिसतात, त्यांना वास येत नाही. नाणे थेट कप्प्यात न ठेवता आधी दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवतो, जिच्या मधल्या खिडकीला पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. या चौकटींचा खर्च नाण्यामागे तीन-चार रुपये येतो, आणि पुठ्ठ्यावर वजन, व्यास, कोठून घेतले व कितीला घेतले ते पेन्सिलीने लिहिता येते, जी सोय मूळ अल्बममध्ये नव्हती. त्यांचाही एक त्रास आहे : बंद करण्यासाठी मारलेल्या स्टेपलच्या पिना आमच्याकडे एका वर्षात गंजतात. मी आता स्टेनलेस पिना वापरतो आणि त्यांची टोके पक्कडीने दाबून सपाट करतो, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेलाच. जाड शिवरायांना या चौकटी पुरत नाहीत, फिल्म ताणून फाटते. त्यांच्यासाठी कडक प्लॅस्टिकच्या गोल डब्या घ्याव्या लागल्या आणि त्यांनी खर्च बराच वाढवला. दोन्ही पावसाळ्यांनंतर एकाही नाण्यावर नवा हिरवेपणा दिसला नाही.

अल्बम घेण्यापूर्वी पाने कशाची आहेत हे विक्रेत्याला विचारावे, आणि 'इंपोर्टेड' हे उत्तर उत्तर म्हणून स्वीकारू नये. पान हातात घेऊन वास घ्यावा. घरी शंका आली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून पानाच्या कोपऱ्याला लावावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी समजावे. हा प्रयोग अंगणात करावा, कारण त्याचा धूर चांगला नसतो.

गुण द्यायचे तर कव्हर आणि कड्यांना पाचपैकी साडेतीन देतो. रेक्झिनचे पापुद्रे मणक्याच्या बाजूने सुटू लागले आहेत, पण कड्या अजून घट्ट मिटतात. छापील पत्रकांना एक. पानांना शून्य. जिल्हा कोणताही असो, या अल्बमची मूळ पाने घेतल्या दिवशीच काढून टाकण्याची तयारी असेल तर साडेसहाशे रुपयांत कव्हर महाग नाही. माझ्याकडची जुनी पाने नातवाने क्रिकेटपटूंच्या कार्डांसाठी मागून नेली आहेत. कार्डांत तांबे नसते, म्हणून मी हरकत घेतली नाही.